वॉलचं चाक

ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या बाहेरच्या खोलीत पंख्याचा एक जुना रेग्युलेटर होता. काळा, बेकलाइटचा, जेवणाच्या डब्याएवढा. जुलै-ऑगस्टात काड्या सादळायच्या, स्टोव्ह पेटवायला चार-चार काड्या मोडायच्या, म्हणून आई काडेपेटी त्या रेग्युलेटरच्या डोक्यावर ठेवून द्यायची. तासाभरात काड्या खणखणीत. कधी मिठाची पुडी, कधी माझा भिजलेला रुमाल, असं काय काय तिथे वाळायला असायचं.

गंमत अशी की पंखा पाचवर जोरात फिरत असला की तो डबा गार असायचा, आणि एकवर रेंगाळत असला की त्याला हात लाववत नसे. मला हे उलटं वाटायचं. काम कमी तर ताप जास्त कसा? एकदा बाबांना विचारलं. ते ड्युटीवर निघायच्या घाईत होते. चप्पल पायात सरकवत म्हणाले, "पंख्याला नको असलेली वीज तो खातो."

"खाऊन काय करतो?"

"तुझ्या आईच्या काड्या वाळवतो."

बाबा कुर्ला कारशेडला इलेक्ट्रिकल फिटर होते. त्यांच्या उत्तरात थोडी गफलत होती, ती मला पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळली. पंखा एकवर असताना तारेतून येणारी वीज काही पाचवरच्याइतकी नसते. एकूण प्रवाहही कमी होतो. पण वाटते तेवढी वीज वाचतही नाही. मधली बरीचशी त्या डब्यातल्या तारेच्या वेटोळ्यात जळते. आधी जास्तीचं घ्यायचं, मग ते आवळून धरायचं, आणि आवळण्यात जे जाईल ते जाऊ द्यायचं. तरी "नको असलेली वीज तो खातो" इतकं सोपं वाक्य मला नंतर कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

आता माझा धंदाच तो आहे, कोण किती खातो ते शोधण्याचा. सरकारी भाषेत ऊर्जा लेखापरीक्षक. लग्नकार्यात ओळख करून दिली की समोरचे म्हणतात, "म्हणजे सीए का?" मी हो म्हणून सोडून देते. दवाखाने, शाळा, नाट्यगृहं, नगरपरिषदांची पंपघरं, अशा ठिकाणी तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन फिरायचं, आठ-दहा वर्षांची विजेची बिलं मागायची (मिळतात तीन वर्षांची), आणि शेवटी एक स्पायरल बायंडिंग केलेला अहवाल द्यायचा. तो कपाटात जातो.

तर बाबांच्या लोकलचंही त्या रेग्युलेटरसारखंच होतं, फक्त डबा मोठा. तारेतून १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, यायची. उभ्या गाडीच्या मोटरला एकदम एवढा दाब दिला तर मोटर टिकणार नाही, म्हणून मध्ये रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडवणारे अडथळे, घालायचे. मोटर कोचच्या, म्हणजे मोटर बसवलेल्या डब्याच्या, पोटाखाली लोखंडी पट्ट्यांच्या जाळ्या टांगलेल्या असायच्या. गाडी हलण्याच्या पहिल्या क्षणी तारेतून घेतलेली जवळजवळ सगळी वीज त्या जाळ्यांमध्ये उष्णता होऊन निघून जायची. गाडी वेग धरेल तसा एकेक टप्पा गळत जायचा. ज्यांनी मोटर कोचमधून प्रवास केलाय त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल: खट्... खट्... खट्. आणि प्रत्येक 'खट्'ला एक बारीक हिसका. दांडी धरून उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या जणी एकाच वेळी एकाच बाजूला झुलायचो. शेजारच्या दोरीवरचे कपडे वाऱ्यानं झुलावेत तसं.

फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीतून गरम हवेचा झोत पायावर यायचा. डिसेंबरात सकाळी साडेसहाच्या गाडीला तो बरा वाटे. मे महिन्यात नकोसा व्हायचा. हा झोत म्हणजे विजेचं बिल आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

आणि थांबताना तर आणखीच उधळपट्टी. ब्रेकचे ठोकळे चाकांना घासायचे. एवढी वीज जाळून मिळवलेला वेग पुढच्या स्टेशनात लोखंडाचा भुगा आणि करपट वास होऊन संपायचा. बाबांच्या कामाच्या कपड्यांना तोच वास असायचा. आई ते वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पहिलं पाणी विटकरी निघायचं.

मी एकदा वहीत ढोबळ हिशेब मांडला होता. बारा डब्यांची भरलेली लोकल सातशे टन धरा. वेग ताशी ८० किलोमीटर. तिच्या अंगात त्या वेळी जी ऊर्जा असते ती निघते साधारण ४८ युनिट. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला, फ्रिज-टीव्हीसकट, नऊ-दहा दिवस पुरेल इतकी. मुंब्र्याला थांबली, गेले. दिव्याला थांबली, गेले. एक गाडी, एक फेरी, पंचवीस थांबे. आणि अशा गाड्या दिवसभर, दर तीन-चार मिनिटांनी.

ही व्यवस्था उभी करणारे लोक वेडे नव्हते, हे मात्र सांगायला हवं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून, म्हणजे पुढच्या सीएसटीहून, कुर्ल्याला, हार्बरच्या वाटेनं, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. त्या काळात डीसी मोटर हीच काबूत ठेवता येण्यासारखी मोटर होती, आणि कोळशाच्या इंजिनापुढे ती कितीतरी स्वस्त आणि स्वच्छ होती. १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे कुलाबा-बोरिवली विजेवर आलं. मग जीआयपी रेल्वेनं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजानं, आमच्या ठाकुर्लीला, चोळे गावाजवळ, गाड्यांसाठी स्वतःचं वीजघर बांधलं. कोळशावरचं. आजोबा तिथे होते. आजीनं उन्हात घातलेल्या पापडांवर चिमणीची राख बसायची आणि ती फुंकर मारून मारून ते डब्यात भरायची. आमच्या घरात तीन पिढ्या वीज आहे, असं बाबा म्हणायचे. आजोबांनी केली, बाबांनी वापरली, आणि मी तिच्या खर्चाला नावं ठेवते.

पुढे डीसीचं ते गणित अवघड होत गेलं. दाब कमी म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह जास्त. १५०० च्या जागी २५,००० व्होल्ट आले की तोच भार ओढायला प्रवाह सतराव्या हिश्शाएवढा पुरतो. आणि तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तीच तार धरली तर गळती पावणेतीनशे पटींनी कमी. एवढं साधं आहे. डीसीला दर काही किलोमीटरला सबस्टेशन लागायचं, गाड्या वाढवायच्या तर आणखी लागणार, आणि मुंबईत जागा कुठून आणणार? देशभर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी २५,००० व्होल्टची वीज, आलेली असताना मुंबईच तेवढी जुन्या दाबावर उरली होती. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ झालं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, आणि तार बदलायचं काम टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. पश्चिम रेल्वे २०१२ ला पुरी झाली, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ ला, हार्बर २०१६ ला.

हे एका वाक्यात लिहिलं. प्रत्यक्षात ते रविवारी झालं. शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी, मेगाब्लॉकमध्ये. वर्तमानपत्रातली ती चौकट आठवते ना, "सकाळी ११ ते दुपारी ४"? आम्ही लग्नाला निघालेले लोक नटूनथटून डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. त्या वेळात पुढे कुठेतरी माणसं इन्सुलेटर बदलत होती, सिग्नलच्या केबली नव्यानं टाकत होती. पुलाखाली तार आणि छत यांच्यात २५,००० व्होल्टला हवं तेवढं अंतर नव्हतं, म्हणून कुठे रूळच खाली घेत होती. घरी येऊन मी कुरकुर केली की बाबा ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "तिकडे पोरं तारेवर बसलीत. तू फलाटावर होतीस."

सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल असाच अडला. १८७९ चा, बुटका. जानेवारी २०१६ मध्ये मोठा ब्लॉक घेऊन तो पाडला. गाड्यांचा मार्ग मोकळा झाला, पण वरून रोज पायी जाणाऱ्या माझगाव-डोंगरीच्या लोकांना वळसा पडला, बरेच जण रूळ ओलांडायला लागले. नव्या पुलावरून वाहनं जायला २०२२ उजाडलं. विजेच्या बचतीचा तक्ता करताना या सहा वर्षांच्या पायपिटीचा रकाना कुणी ठेवत नाही. मीही माझ्या अहवालात ठेवत नाही, खोटं कशाला बोलू.

मधल्या काळात अर्धी लाईन एसी आणि अर्धी डीसी, असा संसार होता. दोन्हींच्या सीमेवर तारेचा एक तुकडा बिनविजेचा असायचा. गाडी तिथे आली की दिवे जायचे, पंखे मंदावत थांबायचे, आणि इतका वेळ न ऐकू आलेली कुजबुज एकदम स्पष्ट व्हायची. रोजच्या बायकांना ती जागा पाठ झाली होती. नवखी कुणी "लाईट गेले वाटतं" म्हणाली की कोपऱ्यातून आवाज यायचा, "येतील, दहा आकडे मोज." त्या दहा आकड्यांत एकदा एका बाईनं शेजारणीला आपल्याला नोकरीवरून काढल्याचं सांगितलेलं मी ऐकलं. दिवे आले तेव्हा दोघी पालक निवडत होत्या.

शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला गेली. पहिली जिथून जिथे आली होती, त्याच वाटेनं उलटी. बाबा तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मला घेऊन ते कुर्ल्याला गेले. गाडी सजवलेली होती, माणसं मोबाईल उंच धरून होती. बाबा गर्दीत न घुसता मोटर कोच जिथे लागतो तिथे फलाटाच्या कडेला उभे राहिले. गाडी सुटली. खट्, खट्. ते पायाकडे बघत होते. मला वाटलं डोळ्यांत पाणी आलंय, ते लपवतायत. तसं काही नव्हतं. म्हणाले, "तीन नंबरचा टप्पा उशिरा गळतोय."

नव्या गाड्या २००७ पासून यायला लागल्या होत्या. त्यांच्यात रेझिस्टन्सच्या जाळ्या नाहीत. मोटरला लागेल तेवढीच वीज इलेक्ट्रॉनिक्स कापून देतं, आधी जास्तीची घेऊन जाळायची भानगडच नाही. आणि थांबताना मोटर उलट्या कामाला लागते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि तारेत परत सोडते. पलीकडच्या स्टेशनातून एखादी गाडी सुटत असेल तर ती ही वीज उचलते. म्हणजे दिव्यात थांबणाऱ्या गाडीच्या वेगावर मुंब्र्याची गाडी निघते, असं म्हटलं तरी चालेल. घेतलेल्या विजेतली तिसेक टक्के अशी परत येते, असं रेल्वेच्या बाजूनं सांगितलं जातं. माझ्या वहीतल्या ४८ युनिटांतले निदान काही तरी आता भुगा होत नाहीत.

हे कुणाला दिसतं? कुणालाच नाही. ऐकू मात्र येतं. नवी लोकल स्टेशनात शिरताना एक चढी शीळ वाजते आणि मग उतरत उतरत विरते. बाबांना आधी तो आवाज आवडायचा नाही, "गाडी आहे की पेटी?" म्हणायचे. हल्ली गच्चीत बसले की तो ओळखतात. "देतेय परत," एवढंच.

पण एक गोष्ट मला या सगळ्या कौतुकात खटकत राहते. मुंबईची लोकल माणशी किती वीज खाते हा आकडा काढला तर तो इतका सुंदर येतो की कुठल्याही परदेशी परिषदेत मिरवावा. तो सुंदर येतो कारण छेदात माणसं कोंबलेली आहेत. रेल्वेच्या कागदांत त्याला शब्दसुद्धा आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरात सतरंजीच्या तेवढ्या तुकड्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो तर कोपर लागतं. कार्यक्षमता म्हणतात ती अशीही वाढते. डिसेंबर २०१७ मध्ये वातानुकूलित लोकल आली तेव्हा माझ्या क्षेत्रातल्या एकानं गंभीर चेहऱ्यानं मला सांगितलं होतं की हिनं माणशी वीज वाढणार. वाढू दे की! दारात लोंबकळणाऱ्या पोराची वीज आपण वाचवलेली नव्हती, त्याच्याकडून उसनी घेतलेली होती.

वीज उसनी घेणं मुंबईला नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसची सहल कोलाडला गेली होती, कुंडलिकेत राफ्टिंगला. आम्ही हेल्मेटं घालून काठावर तयार, आणि नदीत पोटरीभर पाणी. तिथला पोरगा म्हणाला, "थांबा, वरून सोडतील." थोड्या वेळानं खरंच पाणी चढलं. ते भिऱ्याच्या वीजघरातून आलेलं. आणि भिऱ्याला येतं ते मुळशीच्या तलावातून. म्हणजे ज्या पाण्यानं पूर्वेला, भीमेकडे जायचं, ते डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि कोकणात पाडलं. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. त्याआधी खोपोली १९१५, भिवपुरी १९२२. सगळं घाटमाथ्याचं पाणी, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना, दिव्यांना, पुढे गाड्यांना.

मुळशीचं धरण होऊ नये म्हणून १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले होते. पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले. शेतं, देवळं, आंबेमोहोराची खाचरं, सगळं पाण्याखाली गेलं. लढा हरला. तराफ्यात बसून आम्ही किंचाळत होतो तेव्हा मी मनात युनिटं मोजत होते, हा माझा रोग आहे. एक युनिट वाचलं म्हणजे काय, हे मला कोळशाच्या टनांत सांगता येतं, कार्बनच्या किलोंत सांगता येतं. खाचरांत सांगता येत नाही.

मरीन ड्राइव्हचं आठवतं का? २०१५ च्या सुरुवातीला तिथले पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि मुंबईभर आरडाओरडा झाला. राणीचा रत्नहार गेला, ट्यूबलाइट लावल्या, वगैरे. पक्षांमध्ये जुंपली, उच्च न्यायालयापर्यंत विषय गेला. पुढे पिवळसर छटेचे दिवे परत आले. मी तेव्हा धंद्यात बऱ्यापैकी मुरले होते आणि लोकांना हसत होते. आज वाटतं, लोकांचं बरोबर होतं. एलईडी पिवळसरही मिळतो. वीज वाचवायची म्हणून माणसाच्या डोळ्याला जे गोड वाटतं ते काढून घ्यायचं काही कारण नव्हतं, फक्त निविदा काढणाऱ्याला ते सुचलं नव्हतं. त्याच वर्षी ५ जानेवारीला केंद्राची घरगुती बल्बांची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा भाव ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ वर आला. नुसतं ठोक विकत घेतल्यानं. या योजनेबद्दल मला बोलायला फारसं नाही, कारण ती चालली. चाललेल्या गोष्टींवर ऑडिटवाल्याचं पोट भरत नाही.

न चाललेली एक सांगते. सोलापूरच्या बाजूचं एक गाव, नाव नको. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, तिथून फिल्टर प्लांट, तिथून गावातल्या उंच टाकीत पाणी चढवायला शंभर एचपीचा पंप. मी पोचले तेव्हा पंपघरात साठीकडे झुकलेले एक ऑपरेटर होते. खांद्यावर टॉवेल, कपाळाला बुक्का. मी त्यांना मामा म्हणायला लागले, ते मला मॅडम म्हणत राहिले. पॅनेलवर प्रेशरचं गेज होतं. काटा चारवर.

"पंप चालू करा ना मामा."

चालू केला. काटा चारवर. बंद केला. काटा चारवर.

"हे किती दिवस असं आहे?"

"मी लागलो तवापासनं."

माझ्या पिशवीत माझी दोन गेजं असतात. एक पंपाच्या तोंडाशी लावलं, एक वॉलच्या, म्हणजे पाणी कमीजास्त सोडायच्या झडपेच्या, पुढे. वॉल अर्ध्याहून जास्त बंद होता. पंपाशी दाबाचा आकडा ५.२ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), वॉलच्या पुढे ३.९. मध्ये १.३ किलो गायब. पाण्याच्या भाषेत तेरा मीटर. म्हणजे तो पंप रोज पाणी चार मजले जास्त उंच ढकलायचा जोर लावत होता आणि तो जोर एका अर्धवट मिटलेल्या वॉलच्या घशात संपत होता. वॉलला हात लावला. थरथरत होता, दाणे भरडल्यासारखा आवाज येत होता आतून. पाणी वाहतंय म्हणून तापत नव्हता एवढंच. नाहीतर काड्या वाळल्या असत्या.

"पुरता का नाही उघडत?"

"पुरा खोलला की मोटर ट्रिप होतीय. पहिल्यापासनं असंच. माझ्या आधीच्या माणसानं दावलं, सव्वानऊ आटे उघडायचा. त्याच्यावर नाही."

सव्वानऊ आटे! वॉलच्या चाकाला लाल रंगाची खूण केलेली होती. वीस वर्षं तीन माणसांनी पाळलेला नियम. त्यांच्या बाजूनं तो अगदी बरोबर होता.

चूक त्याच्या आधी, कागदावर झालेली. सल्लागारानं उंची काढली आणि दहा टक्के वर धरले. कार्यकारी अभियंत्यानं गाव वाढेल म्हणून आणखी धरले. पुरवठादारानं नेमका त्या मापाचा पंप नाही म्हणून पुढच्या मापाचा दिला. आमटीत जो तो येता-जाता चिमूटभर मीठ टाकून गेला. मग ती खारट आमटी गिळायला वॉल बसवला. शंभर एचपी म्हणजे पंचाहत्तर किलोवॅट, दिवसाला सोळा तास, बाराशे युनिट. त्यातली पाव, तीनशे, रोज वॉलमध्ये. बाबांच्या लोकलचे सहा थांबे.

उपाय महाग नव्हता. पंपातला इंपेलर, ती पितळी चकती, लेथवर चढवून कडेनं थोडी छाटायची, आणि पुन्हा बॅलन्स करून बसवायची. व्यास कमी झाला की पंपाचा जोर कमी होतो, मग वॉल पुरता उघडा राहिला तरी मोटर ट्रिप होत नाही. खर्च काही हजारांत. अहवालात मी व्यास मिलिमीटरमध्ये लिहून दिला, आकृती काढून दिली.

कार्यालयातल्या बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या. मग प्रश्न आला, हे टाकायचं कोणत्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात? नवा पंप घ्यायला हेड आहे. सोलर बसवायला योजना आहे. असलेला पंप छाटायला हेड नाही. एक तरुण अभियंता बाहेर सोडायला आला तेव्हा हसत म्हणाला, "मॅडम, इंपेलर लहान केला, याचं उद्घाटन कसं करायचं सांगा." मला उत्तर सुचलं नाही. अहवाल कपाटात गेला.

दीड वर्षानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पंपघरातले मामा. बेअरिंग गेलं, पंप खोलायला लागला, आणि मामांच्या मोबाईलमध्ये माझ्या अहवालातल्या त्या पानाचा फोटो होता. दुरुस्तीवाल्या ठेकेदाराबरोबर ते स्वतः टेम्पोत बसून लेथवर गेले आणि दुरुस्तीच्याच बिलात चकती छाटून घेतली. "बॅलन्सिंग केलं का?" मी घाबरून विचारलं, कारण ते विसरलं तर नवं बेअरिंगही जाणार. केलं होतं. मी त्यांना हेही विचारलं की वरच्यांना सांगितलंत का. ते म्हणाले, "काय सांगायचं? बेअरिंग बदललं म्हणून सांगितलं."

दोन महिन्यांनी बिल उतरलं तशी लेखा विभागात गडबड उडाली. बिल वाढलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, वाढतंच ते. कमी आलं म्हणजे मीटर बिघडला असणार आणि पुढे थकबाकी एकदम अंगावर येणार, म्हणून वीज कंपनीला मीटर तपासायचं पत्र गेलं. माणूस येऊन तपासून गेला. मीटर ठीक. मग मामांना बोलावून विचारलं, पाणी कमी सोडतोस काय? मामांनी रजिस्टर पुढे केलं. टाकी भरायची वेळ, आधी आणि नंतर, रोज सकाळी साडेनऊ, पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे.

गेल्या मार्गशीर्षात दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेले होते, म्हणून वाट वाकडी करून पंपघरात डोकावले. पंप चालू होता. आवाज बदलला होता, ते दाणे भरडणं नव्हतं. पॅनेलवरचा काटा अजून चारवर. वॉलकडे पाहिलं तर त्याचं चाकच नव्हतं, वर नुसता चौकोनी दांडा.

"चाक कुठं गेलं मामा?"

"काढून ठिवलंय. रात्रपाळीला नवीन पोरगं लागलंय. मागल्या पाळीवाल्यानं त्याला सव्वानऊ आटे शिकवून ठिवलेत."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. विठ्ठलाच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला ते लाल खुणेचं चाक टांगलं होतं, आणि त्याच्यावर मामांचा ओला टॉवेल वाळत होता.